डाव्या बाहीचा डाग

सिग्ने दिसायला काही विशेष नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याचा कुणी भलता अर्थ लावायला नको. पंचावन्नची बाई. निळ्या काड्यांचा चष्मा, केस कसेतरी डोक्यावर खोचलेले, बोटांना कायम डिंक. असल्या बाईवर जळायचं म्हणजे माझंच हसं. पण मी जळत होते. चांगली वर्षभर जळत होते.

डेन्मार्कमधल्या आमच्या लेमविगच्या बंदरावर पूर्वी माशांचा लिलाव व्हायचा, त्या शेडमध्ये ती दर बुधवारी लढाईवरून आलेल्या माणसांना लिहायला शिकवते. आठ-नऊ जण येतात. कुणी बोस्नियाला गेलेला, कुणी इराकला, बाकीचे अफगाणिस्तानातले. माझा नवरा आस्गर त्यांतलाच, डॅनिश फौजेबरोबर हेल्मंडला होता. घरी येऊन सोळा वर्षं झाली. ह्या सोळा वर्षांत त्यानं मला तिथलं काय सांगितलं असेल? गरम होतं. धूळ होती. एस्बेन गेला. संपलं. एस्बेन म्हणजे त्याचा जोडीदार, एकाच गाडीत असायचे दोघं. त्याच्या अंत्यविधीला मी काळा कोट घालून उभी होते, पण तो गेला कसा, हे मला माझ्या नवऱ्यानं नाही सांगितलं, पेपरानं सांगितलं. रस्त्यात पुरलेला बाँब. त्याच बाँबनं आस्गरचं डोकं असं हादरलं की नाकाचं काम कायमचं संपलं. कॉफी आणि शेणखत त्याला सारखंच. शिवाय विसरायला लागला. किल्ल्या, नावं, गॅस. ह्या विसरण्याची त्याला फार भीती वाटते. तेही त्यानं सांगितलेलं नाही. मला दिसतं.

बरं, नसेल बोलायचं तर नको बोलू. मी काही त्याच्या मागे लागणाऱ्यांतली नाही. समजूत घालून घेतली होती मी माझी, की हा माणूस असाच, ह्याच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली तिकडेच वाळूत पडली.

आणि मग एक दिवस दुकानात चीजच्या फळीपाशी मला बेंटची बायको भेटली. बेंट म्हणजे बोस्नियावाला, तोही बुधवारी जातो. तिथली पद्धत अशी आहे की ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं नाही. कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्यानं मोठ्यानं वाचायचं आणि लिहिणाऱ्यानं आपलं गप ऐकायचं. तर बेंटनं आस्गरचा कागद वाचला होता.

"काय गं सुंदर लिहितो तुझा आस्गर," ती म्हणाली. "ते पावाचं! बेंट घरी येऊन सांगताना रडला, माहितीये?"

"हो ना," मी म्हटलं. "ते पावाचं छानच आहे."

कुठला पाव? कसला पाव? मला काय माहीत! मी चीज न घेताच घरी आले. जेवायला बसलो, आस्गरनं राय धान्याच्या काळ्या ब्रेडवर लोणी लावलं आणि मी त्याच्या हाताकडे बघत बसले. बेंटला माहीत, बेंटच्या बायकोला माहीत, त्या डिंकवाल्या बाईला माहीत. घरात मीच तेवढी परकी.

"बुधवारी काय करता रे तुम्ही?" मी विचारलं.

"लिहितो."

"काय?"

"असंच. काहीतरी."

असंच काहीतरी! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

आता शर्टाचं सांगते. आस्गरचा वर्दीचा एक शर्ट आहे, वाळूच्या रंगाचा. एस्बेन गेला त्या दिवशी तो त्याच्या अंगात होता. घरी आला तेव्हा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वरून चिकटपट्टी लावून त्यानं कपाटाच्या तळाशी ठेवला. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "दे, धुऊन टाकते." तर एवढा ओरडला माझ्यावर, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "त्याला हात लावायचा नाही!" लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मी नाही लावला हात. दर वसंतात कपाट पुसायचे, पिशवी उचलायचे, खालची फळी पुसायचे, पिशवी परत ठेवायचे. आणि लक्षात घ्या, मी लाँड्रीत काम करते. तीन हॉस्पिटलांच्या चादरी आमच्याकडे येतात. बावीस वर्षं डाग काढतेय मी. माझ्या हाताखालच्या मुली अवघड डाग आला की माझ्याकडे पळत येतात. आणि माझ्याच घरात, माझ्याच कपाटात, सोळा वर्षं एक शर्ट मळका पडलेला.

आणि गेल्या सप्टेंबरात आस्गर बुधवारचा घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "आम्ही वर्दीचे कागद करणार आहोत."

"म्हणजे?"

"कापडाचे बारीक तुकडे करायचे, यंत्रात घालून लगदा करायचा, जाळीवर ओतायचा, की कागद होतो. त्याच्यावर लिहायचं. सिग्नेची कल्पना. माझा तो शर्ट देतोय मी."

"कुठला शर्ट?"

"तो. कपाटातला."

मी बटाटे सोलत होते. सोलणं तसंच हातात राहिलं. मी धुते म्हटलं तर घर डोक्यावर घेतलं होतं. आणि ती बाई म्हणते कात्रीनं त्याच्या चिंध्या कर, तर हा निघाला कात्री घेऊन!

"पुढच्या बुधवारी कापायचाय," तो म्हणाला. "आपलं माणूस आणायचं म्हणून सांगितलंय. पहिली कात्री कुणाच्या हातात द्यायची ते ज्याचा शर्ट त्यानं ठरवायचं. तू पण ये."

'तू पण.' त्या 'पण'वर मी दोन दिवस कुढले. मग स्वतःलाच समजावलं, अगं, बोलायची पद्धत असते एकेकाची. आपलं माणूस म्हणजे कोण असणार? बायकोच की. कात्री माझ्याच हातात येणार. मी नवीन ब्लाउजसुद्धा काढून ठेवला.

शनिवारी आस्गर भावाच्या घराचं छप्पर शाकारायला एस्बियर्गला गेला, सोमवारपर्यंत. घरात मी एकटी. सकाळची कॉफी घेतली आणि कपाटासमोर जाऊन उभी राहिले. शपथेवर सांगते, उभीच राहायचं होतं. पण डोक्यात एकच घुमत होतं. बुधवारी ती सिग्ने तो शर्ट हातात घेणार, उलटापालटा करणार, मान हलवणार. ज्याला मला सोळा वर्षं हात लावू दिला नाही, तो तिच्या डिंकाच्या बोटांत जाणार. माझ्या हातून न जाता.

चिकटपट्टी काढली. आत धूळ आणि जुन्या घामाचा वास कोंडलेला. आधी विचार होता सरळ मशीनमध्ये टाकायचा, साठ डिग्रीवर. झाकण उघडलं, शर्ट झटकला आणि डावी बाही उलगडली. कोपरापासून मनगटापर्यंत ती कडक झाली होती. काळपट, कडेला तांबूस.

बावीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुतल्यात मी. मला कुणी सांगावं लागत नाही. गरम पाणी लावलं की रक्त कापडात बसतं, मग ते कधी निघत नाही. माझ्या हातांनी आपोआप मशीन बंद केलं. बेसिनमध्ये गार पाणी सोडलं, मीठ टाकलं, बाही बुडवली. एवढं सगळं झाल्यावर मला कळलं, की हे आस्गरचं रक्त नाही. आस्गरच्या हाताला साधा ओरखडाही नव्हता.

तिथेच थांबायला हवं होतं. बाही बाहेर काढायची, वाळवायची, पिशवीत घालायची. कोणीही शहाणी बाई थांबली असती. पण मला त्या क्षणी एस्बेनचाही राग आला. मेलेल्या पोराचा! माझा नवरा सोळा वर्षं त्याच्यापाशी बसून आहे आणि मी इकडे एकटीच जेवतेय. मी पाणी बदललं. मग पुन्हा बदललं. लाँड्रीतून आणलेली रक्ताचे डाग काढायची पावडर घातली, दिवसभर भिजू दिलं, संध्याकाळी बोटांनी चोळलं. पाणी तांबडं, मग चहासारखं, मग स्वच्छ. शेवटी शिवणीत फक्त एक पिवळट रेघ उरली, ती धंद्यातल्या माणसालाच दिसेल.

आणि मग मी आणखी एक गोष्ट केली, ती सांगायला आजही लाज वाटते. शेवटच्या पाण्यात मी लव्हेंडरच्या वासाचं कपड्यांचं कंडिशनर घातलं. एक नाही, दोन झाकणं. आस्गरला वास येत नाही. पण सिग्नेला येतो. तिनं शर्ट हातात घ्यावा आणि तिच्या नाकाला कळावं, की हे माझ्या घरातून आलंय. वाळल्यावर चुरगाळून पिशवीत कोंबला आणि नवी चिकटपट्टी जुन्यासारखी लावली.

बुधवारी आम्ही शेडवर गेलो. लांब टेबल, कात्र्या, कॉफीचे थर्मास, कुणीतरी आणलेला सफरचंदाचा केक. बेंट आपल्या विजारीचे तुकडे आधीच करत बसला होता. आणि आमच्या खुर्च्यांशेजारी एक म्हातारी बसलेली. पांढरे केस बारीक कापलेले, हाताची घडी. मी तिला ओळखलं. अंत्यविधीला पुढच्या रांगेत होती. गुद्रुन, एस्बेनची आई.

"मी बोलावलं त्यांना," आस्गर मला हळूच म्हणाला. "पहिली कात्री त्या लावणार. एस्बेनचं बाकी काहीच नाही त्यांच्याकडे. सामान आलं ते सगळं धुऊन, घड्या घालून आलं. शवपेटीसुद्धा उघडू दिली नव्हती. ह्या बाहीचा कागद पहिल्यांदा करायचा आणि त्यांना द्यायचा, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मी. सिग्नेशी बोललो होतो."

सिग्नेशी बोललो होतो! एवढं होऊनही माझ्या पोटात आधी तेच दुखलं बघा. आणि मग आठवलं, पिशवीतली बाही मी कशी करून ठेवलीय ते.

आस्गरनं पिशवी फोडली. सिग्ने त्याच्यामागे उभी होती. लव्हेंडरचा असा भपकारा आला, की तिची मान झटकन वर झाली. तिनं माझ्याकडे बघितलं. चष्म्यातून, सरळ. माझा निरोप पोचला होता. मला वाटलं आता बोलेल, सगळ्यांसमोर माझी अब्रू काढेल. पण नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, मी काय करते त्याची वाट बघत.

आस्गरनं डावी बाही टेबलावर पसरली. हातानं सारखी केली. मग उलटली. मग उजवी बाही ओढली, ती बघितली. परत डावी.

"इथे होतं," तो म्हणाला. "डाव्या हातात धरलं होतं मी त्याला. डावाच ना?" त्यानं स्वतःचा डावा हात पुढे करून बघितला. "उजव्या हातात रेडिओ होता. म्हणजे डावाच."

बेंटची कात्री थांबली.

"गुद्रुन, माफ करा," आस्गर म्हणाला. "मला वाटलं होतं की... सोळा वर्षं मला वाटत होतं इथे आहे. हल्ली गोष्टी माझ्या डोक्यात नीट राहत नाहीत. दुसरा शर्ट असेल तो. किंवा मी धरलंच नसेल त्याला. मी नुसताच बसून राहिलो असेन आणि नंतर मनानंच..."

सोपं होतं मला. मूग गिळून गप्प बसायचं. विसरभोळा नवरा आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. कुणी चौकशी केली नसती. सिग्नेही बोलली नसती, मला नक्की माहीत आहे. पण माझा नवरा तिथे सगळ्यांसमोर, त्या आईसमोर, आपल्या मेलेल्या जोडीदाराला स्वतःच्या हातातून खाली ठेवत होता, आणि तेही माझ्यापायी.

"मी धुतला," मी म्हटलं.

आस्गरनं मान वळवली.

"तोच शर्ट आहे. डावीच बाही. होतं तिथे, कोपरापासून मनगटापर्यंत होतं. तुझं डोकं ठिकाणावर आहे, आस्गर. मी शनिवारी धुतला."

"का?"

आता ह्याला काय सांगायचं? नऊ माणसं, त्यांच्या बायका, एक आई, एक केक. "हिच्यावर जळत होते म्हणून," मी सिग्नेकडे बोट दाखवलं. "आणि बेंटवर. बेंटच्या बायकोवर. तुझ्या कुठल्यातरी पावावर. सगळ्यांना तू सगळं सांगतोस आणि मी विचारलं की असंच काहीतरी!"

आस्गर ताडकन उठला, खुर्ची मागे पडली. तो दारापर्यंत गेला आणि दाराला हात लावून, पाठ करून तिथेच उभा राहिला.

"मूर्ख बाई," गुद्रुन म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"एवढंच उरलं होतं माझ्या पोराचं."

"हो."

तिनं बाहीवरून हात फिरवला. मग विचारलं, "मशीनमध्ये टाकलास?"

"नाही. हातानं."

"कशानं?"

"गार पाणी. मीठ. गरम लावलं असतं तर..." मला पुढे बोलवेना. पण तिनं मान हलवून सांग म्हटलं, म्हणून सांगितलं. किती पाणी बदललं, बोटांनी कसं चोळलं, शेवटचं पाणी कसं स्वच्छ निघालं. कंडिशनरचंसुद्धा सांगितलं.

"मला त्याला धुऊ द्या म्हटलं होतं मी," गुद्रुन म्हणाली. "लष्कराचा तो अधिकारी आला होता घरी. त्याला म्हटलं, लहानपणी मीच घालायची ना आंघोळ, आताही मीच घालते. तर म्हणे, उघडता येणार नाही. दोन माणसं धरायला उभी केली होती मला." तिनं बाही जवळ ओढली. "सगळं गेलं का?"

मी तिच्याजवळ गेले, शिवण उलगडून ती पिवळट रेघ दाखवली. तिनं चष्मा काढून डोळ्यांजवळ नेली. मग बाही नाकाला लावली.

"दोन झाकणं जास्तच झाली, पोरी," ती म्हणाली, आणि मग रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही.

कात्री तिनंच घेतली. डावी बाही खांद्यापासून कापली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली. उरलेला शर्ट मी कापायला घेतला. "कागद नको मला," ती आस्गरला मोठ्यानं म्हणाली. "मी काय लिहिणार? बाकीचा तुम्ही कापा. ये इकडे, तुझी बायको एकटीच कापत बसलीय."

तो आला. माझ्याशी बोलला नाही. शेजारी बसून टपाल तिकिटाएवढे तुकडे कापत राहिला. लगदा करताना यंत्रात एवढा फेस आला, की सिग्नेला पळीनं काढून टाकावा लागला. "पुढच्या वेळी निदान खळबळून तरी काढ," ती मला म्हणाली. ती बरी बाई आहे. त्याचाही मला रागच येतो.

फेसामुळे कागदांना बारीक भोकं पडली. बाकीच्यांचे कागद गुळगुळीत, आमचे चाळणीसारखे. आस्गरनं ते घरी आणून खिडकीत ठेवले आणि आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. मी म्हटलं ठीक आहे. केलंय ते भोगा.

नवव्या दिवशी मी लाँड्रीतून आले तर तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला होता. पुढे तो भोकाभोकाचा कागद, अर्धा लिहून झालेला. मी कोट काढला, कॉफी ठेवली.

"मीठ किती घातलंस?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"मूठभर."

"तुझी मूठ की माझी?"

"माझी."

त्यानं लिहिलं. पेन भोकात अडकत होतं. "आणि भिजत किती वेळ?"

"दिवसभर. मध्ये तीनदा पाणी बदललं." मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली. "का हात लावू देत नव्हतास रे मला? एकदा तरी सांगायचंस."

"तुझ्या हातांना ते लागू नये म्हणून," तो म्हणाला. "घरात येऊन तुझे हात बघायचो. नुसते साबणाचे. तेवढंच चांगलं होतं."

मी हात टेबलाखाली घेतले, मग परत वर ठेवले.

"रक्त आहे हे कळल्यावर थांबली का नाहीस?" त्यानं विचारलं.

"जळत होते. सांगितलं ना. त्या मेलेल्या पोरावरसुद्धा."

त्यानं पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं. रागावलाय का हसतोय, कळेना.

"हेही लिहू?"

"लिही," मी म्हटलं. "पण आधी मला वाचून दाखव. तिच्या आधी."

"आमच्यात लिहिणाऱ्यानं वाचायचं नसतं."

त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. कॉफी उतू चालली होती, मी उठून बंद केली नाही. हात पुसले, कागद उजेडात धरला आणि मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या ओळीत होतं, "एस्बेनकडे अर्धा पाव होता आणि तो मला द्यायला त्यानं हात पुढे केला होता."